अकरा नंबरच्या रॅकमागून

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. विश्वास ठेवून नाही, सवयीने. माझं कामच पुस्तकं लावायचं, त्यामुळे काहीही वाचलं की ते कुठल्या विभागात जाईल हे डोक्यात आपोआप ठरतं. तुमच्यापैकी बहुतेकांचे अनुभव मी मनातल्या मनात 'कथा-कादंबरी'त लावून मोकळा झालोय... राग मानू नका. घरी देवघर आहे, चतुर्थीला मोदक होतात, पण आत्मा, संकेत, आभास असलं काही मी कधी मानलं नाही. आज मानतो का, तेही ठामपणे सांगता येत नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

मी सीबीडी बेलापूरमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं नाव देत नाही, कमिटीला विचारलेलं नाही. सेक्टरमधल्या मार्केटच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचा लांबट हॉल आहे. खाली झेरॉक्सवाला आणि पोळी-भाजी केंद्र. जिना चढून आलं की डावीकडे काउंटर, समोर पेपर वाचायची टेबलं आणि मग आत अकरा रॅक, एकामागे एक. पहिले तीन मुलांच्या पुस्तकांचे. शेवटचा, अकरा नंबरचा, थेट भिंतीला लावलेला. ती भिंत बिल्डिंगची बाहेरची भिंत आहे. तिच्या पलीकडे काही नाही, खाली गाड्यांचं पार्किंग.

स्टाफ म्हणजे मी, कॉम्प्युटर सांभाळणारी कविता आणि पुष्पाताई.

पुष्पाताई दिवाळ्याच्या. आमच्या वाचनालयापासून दिवाळे कोळीवाडा रिक्षाने दहा मिनिटं. नवरा लवकर गेला, होडी दिराकडे गेली, सासूसोबत मासळी विकून त्यांनी मुलगा वाढवला. आमच्याकडे त्या लागल्या झाडलोट आणि पुस्तकं पुसायला. शिक्षण दहावी. पण पुसता पुसता वाचायला लागल्या, आणि चौदा वर्षांत हॉलमधलं जवळजवळ सगळं त्यांनी वाचून काढलं. मग लोकांना सांगायला लागल्या, हे ने, ते नको.

त्यांची पद्धत विचित्र होती. मुलं आली की आवडतं पुस्तक वगैरे विचारायच्या नाहीत. "काल काय खाल्लंस? काल कुनाशी भांडलास?" एवढंच विचारायच्या आणि त्यावरून पुस्तक काढून हातात द्यायच्या. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. पत्नी महिन्यापूर्वी गेली होती. म्हणाले, काहीतरी आध्यात्मिक द्या. पुष्पाताईंनी त्यांना पाककृतींचं पुस्तक दिलं. "आधी सोताचं जेवन बनवाया शिका. ग्यान मंग." मला वाटलं, आता हे तक्रार करणार. पंधरा दिवसांनी ते पुस्तक परत द्यायला आले आणि पुष्पाताईंना हसत हसत म्हणाले, "वरण जमलं, आता पुढचं काय?"

खरं सांगायचं तर मला हे आवडायचं नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझी. मी वयोगटाप्रमाणे शिफारशींची यादी करून, टाइप करून, काउंटरवर काचेखाली लावली होती. तिच्याकडे कुणी बघायचं नाही. लोक सरळ आत पुष्पाताईंकडे जायचे.

मग एका आईची तक्रार आली. तिच्या आठ वर्षांच्या मुलीचे आजोबा वारले होते आणि पुष्पाताईंनी तिला नेमकी आजोबा वारतात अशी गोष्ट दिली. पोरगी वाचून खूप रडली. आईने कमिटीला लेखी दिलं. कमिटीने मला विचारलं आणि मी – आज लिहिताना बरं वाटत नाही – मी ती संधी घेतली. पुष्पाताईंना पत्र दिलं. 'यापुढे आपण वाचकांना पुस्तके सुचवू नयेत. ते काम ग्रंथपालांचे आहे.' त्यांना काउंटरमागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवायचं काम दिलं. डिंक, पुठ्ठे, लेबलं.

पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचलं. "बरं साहेब." तोपर्यंत त्या मला भाऊ म्हणायच्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी घरीच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये मी कमिटीच्या दोघांबरोबर एकदा जाऊन आलो. फळं ठेवली, दहा मिनिटं उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं होतं, ते डोळ्यांवरून कळत होतं. परत गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो?

चार महिने असेच गेले.

आमच्याकडे शनिवारी सकाळी मुलांची गर्दी असते. अशाच एका शनिवारी अन्वी नावाची दहा वर्षांची मुलगी काउंटरवर आली. ही दोन-तीन महिन्यांपासून आईच्या आग्रहाखातर यायची, कोड्यांची पुस्तकं सोडून कशाला हात लावायची नाही. त्या दिवशी तिच्या हातात समुद्रातल्या जिवांवरचं एक जुनं, जाड पुस्तक होतं. वर्षानुवर्षं कुणी नेलं नव्हतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आतल्या आजींनी."

"कुठल्या आजी?"

"त्या शेवटच्या रॅकच्या मागे आहेत ना, त्या. मला विचारलं, काल कुणाशी भांडलीस."

मला वाटलं, पेपर वाचायला येणाऱ्या ज्येष्ठ महिलांपैकी कुणी असेल. पुस्तक नोंदवलं आणि विसरलो.

पुढच्या शनिवारी सीवूड्सच्या एक बाई आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "तुमच्या त्या आतल्या मॅडम किती छान सांगतात हो. त्यांना पुढे बसवा की. तिथे मागे कोंडल्यासारखं कशाला?"

कविता माझ्याकडे बघायला लागली. बाई गेल्यावर हळूच म्हणाली, "सर... पुष्पाताई?"

"कविता, प्लीज. तू आता सुरू करू नकोस."

पण दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी आत जाऊन अकरा नंबरचा रॅक बघून आलो. रॅक आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा. माझा हातही नीट जात नव्हता. आत धूळ, एक तुटलेलं पेन. माणूस मागे उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. आवाज दुसरीकडून येत असेल म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडेही चौकशी केली. त्याच्याकडे कुणी बाई नव्हती.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी स्वतः खुर्ची घेऊन त्या रॅकसमोर बसलो. दहा ते एक. ट्यूबलाइटची घरघर सोडून काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी कुणी आजींचं नावही काढलं नाही. मला बरं वाटलं. आणि थोडं... काय म्हणू, मला वगळल्यासारखंही वाटलं.

चौथ्या शनिवारी तुर्भ्याहून एक गृहस्थ आले. त्यांना गायकवाड म्हणू या. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क, मूळचे मराठवाड्यातले, चाळिशीचे. महिनाभरापूर्वीच मेंबर झाले होते. डोळे तारवटलेले. म्हणाले, वडिलांना मेंदूत रक्तस्राव झालाय, आठ दिवस झाले, डोळे उघडले नाहीत. हॉस्पिटलमध्ये बसून बसून डोकं फिरतं, वेळ जाईल असं काहीतरी द्या. मी यादीतली एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी सांगितली आणि आत सहा नंबरला मिळेल म्हणालो. मी काउंटरवरून उठलो नाही. कविता माझ्या शेजारीच बसली होती.

दहा मिनिटांनी ते वेगळंच पुस्तक घेऊन आले. ग्रामीण विनोदी कथांचा एक जुना संग्रह, मुखपृष्ठ कधीच गेलेलं.

"साहेब, हे देता का? त्या मॅडम म्हणाल्या, हेच न्या."

"काय म्हणाल्या नेमकं?" माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

ते जरा गोंधळले. "म्हणाल्या... 'ह्ये ने. सोताशी वाचू नको, बापाला वाचून दाखव. त्याला समदं आयकू येतं.' रॅकच्या पलीकडून बोलल्या, दिसल्या नाहीत मला. पण साहेब, मी त्यांना वडिलांचं काहीच बोललो नव्हतो. तुम्ही सांगितलं का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? त्यांच्या नावावर पुस्तक चढवलं, कॉम्प्युटरवर वेळ आली अकरा वीस. ते गेल्यावर मी ते वाक्य जसंच्या तसं एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवलं. का, ते माहीत नाही. नोंद करायची सवय.

सोमवारी आमची सुट्टी असते. त्या सोमवारी मी आणि कविता दिवाळ्याला गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. गल्लीत बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, पलीकडे खाडी. पुष्पाताई दारातच प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला बघून डावा हात थोडा उचलला. तोंडातून नुसता एक लांब सूर आला, शब्द नाही.

त्यांची सून मनीषा मार्केटमधून नुकतीच आली होती. तिने चहा ठेवला. मी काय काय ठरवून गेलो होतो, पण तिथे बसल्यावर तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारता आलं.

"तसंच हाय," मनीषा म्हणाली. "जेवते, झोपते. पाय जरा उचलते आता. बोलनं नाय. डॉक्टर सांगतान, कवा काय बोलली तर मोबाईलवर घ्या, म्हनून मी घेते."

"म्हणजे बोलतात?" कविताने विचारलं.

"शनवारी बोलते."

मी कप खाली ठेवला.

"शनवारी सकाली, धा-अकराला. डोले मिटते न एकदम साफ बोलते. मंग परत काय नाय. डॉक्टरला दाखवलं, ते बोलले असं होतं कवा कवा, जुनं काय तरी आठवतं न तोंडातून निघतं. पन मना नाय कलत ही कुनाशी बोलते." तिने मोबाईल पुढे केला. "ह्यो परवाचा बघा. तवा घरात माज्याशिवाय कुनी पन नव्हतं."

व्हिडिओ पाऊण मिनिटाचा होता. पुष्पाताई ह्याच खुर्चीत, डोळे मिटलेले. शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. थोडा वेळ काही नाही. मग त्यांनी मान जराशी वळवली, कुणाचं तरी ऐकल्यासारखी, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ह्ये ने. सोताशी वाचू नको, बापाला वाचून दाव. त्याला समदं आयकू येतं."

कविताने न विचारता माझ्या खिशातून चिठ्ठी काढली. शब्द न शब्द तोच. फरक एकच, त्या 'दाव' म्हणाल्या होत्या आणि गायकवाडांनी मला 'दाखव' असं सांगितलं होतं. व्हिडिओवरची वेळ मी दोनदा पाहिली. शनिवार, अकरा वाजून चौदा मिनिटं.

मोबाईलमध्ये आणखी तीन व्हिडिओ होते. एकात त्या म्हणत होत्या, "काल कुनाशी भांडलीस गो?" मग थांबल्या. मग हसल्या. झटक्यानंतर त्या हसताना मनीषाने तेवढंच एकदा पाहिलं होतं.

मी घाबरलो का? त्या क्षणी नाही. मी मनीषाला सगळं सांगितलं, रॅकचं, अन्वीचं, गायकवाडांचं. लपवायचं कशासाठी? तिने सासूकडे बघितलं.

"मंग तिला तिकडंच न्या ना," ती म्हणाली. "तिचा जीव तिकडं हाय तर इथं कशाला बसवायची?"

उठायच्या आधी मी पुष्पाताईंच्या समोर खाली बसलो. म्हणालो, "ताई, ते पत्र मी द्यायला नको होतं. मागे घेतो." त्यांना किती समजत होतं मला ठाऊक नाही. त्या खाडीकडे बघत होत्या. मग डाव्या हाताने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, रडणाऱ्या मुलाला थोपटतात तसं. मी रडत नव्हतो. निदान तोपर्यंत तरी.

गायकवाड तीन आठवड्यांनी पुस्तक परत द्यायला आले. वडील गेले होते. मी खुर्ची पुढे केली आणि ते आपणहून सांगायला लागले. भेटायच्या वेळेत रोज अर्धा तास ते वडिलांच्या कानाशी वाचत होते. पहिले तीन दिवस बाकीचे लोक बघायचे, लाज वाटायची. चौथ्या दिवशी आठवडी बाजारातून बोकड सुटून पळतो त्या गोष्टीत वडिलांचे ओठ हलले.

"हसले साहेब. आवाज नव्हता, पण हसले. सिस्टरनी पण बघितलं."

त्यानंतर सहा दिवस ते अधूनमधून शुद्धीवर येत होते. त्यातल्या पाचव्या दिवशी म्हणाले, धाकट्याला बोलाव. दोघा भावांचं अनेक वर्षं बोलणं नव्हतं. धाकटा गावाहून रात्रभर प्रवास करून आला. वडिलांनी दोघांचे हात धरले, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

"त्या मॅडमना भेटायचं होतं," गायकवाड म्हणाले.

"आज आल्या नाहीत."

ते आत जाऊन पाच मिनिटं अकरा नंबरच्या रॅकपाशी उभे राहिले आणि निघून गेले.

मी कमिटीपुढे विषय ठेवला. रॅकबद्दल बोललो नाही, वेड्यात काढलं असतं. एवढंच म्हणालो की पुष्पाताईंना शनिवारी वाचनालयात बसू द्यावं, त्यांना बरं वाटेल, आणि माझं ते पत्र रद्द करावं. कुणाची हरकत नव्हती. ज्यांनी तक्रार केली होती त्या बाईसुद्धा आल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझी मुलगी अजून ते पुस्तक उशाशी घेऊन झोपते, मी त्या वेळी घाई केली.

पुढच्या शनिवारी मनीषा त्यांना रिक्षातून घेऊन आली. झेरॉक्सवाल्याने आणि मी मिळून खुर्चीसकट वर उचलून आणलं. बालविभागाच्या तोंडाशी बसवलं. जुने वाचक भेटून गेले. ते बँकवाले गृहस्थ डब्यात पुरणपोळी घेऊन आले, स्वतः केलेली. पुष्पाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या बघत होत्या... रॅक, पुस्तकं, पंखे, सगळं.

आणि त्या दिवसापासून तो आवाज बंद झाला.

एकाही वाचकाने परत आतल्या मॅडमचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम विचारत राहिलो, पुस्तक कुणी सांगितलं? लोक म्हणायचे, कुणी नाही, असंच घेतलं. घरीही त्या बोलायच्या थांबल्या. मनीषाने शनिवारी, रविवारी, इतर दिवशीही मोबाईल तयार ठेवून बघितला. काही नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी अन्वी आली. नेहमीसारखी आत गेली, अकरा नंबरपाशी बराच वेळ थांबली आणि परत काउंटरवर आली.

"काका, रॅकमागच्या आजी सुट्टीवर आहेत का?"

पुष्पाताई तिच्यापासून चार पावलांवर बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांचे ओठ हलायला लागले, मान ताणली गेली, डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला... आणि नुसता तो एक सूर आला.

"ह्याच त्या आजी," मी अन्वीला म्हणालो.

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मुलं बघतात तसं, न लाजता.

"नाही काका," ती म्हणाली, "त्यांना बोलता येतं."

तेव्हापासून आता वर्ष होत आलंय. पुष्पाताई शनिवारी येतात. मुलं दोन पुस्तकं समोर धरतात, त्या एकावर बोट ठेवतात. बोट चुकत नाही, पण तेवढं काम त्या आधीही करत होत्या, त्यात नवल नाही. एका ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टना मी चार व्हिडिओ दाखवले. बोलण्याबद्दल त्यांनी व्यवस्थित समजावून सांगितलं. गायकवाडांचं वाक्य आणि वेळ दाखवली तेव्हा म्हणाले, योगायोग असेल. असेलही. चार बोटांच्या जागेतून कुणी माझ्या वाचकांशी बोललं, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. नाही म्हणायलाही नाही. मी तो रॅक पुढे ओढून भिंत तपासली, ठोकून पाहिली आणि परत होता तिथे लावला.

पण मला छळतं ते वेगळंच. पुष्पाताई दिवाळ्याला बसून बोलत होत्या, माणसांना पुस्तकं देत होत्या, हसत होत्या. मी माझ्या मनाचं ओझं उतरवायला त्यांना इथे आणून बसवलं, आणि ते संपलं. आणलं नसतं तर त्या अजून बोलत असत्या का?

हे मी एकदा मनीषाला विचारलं. जिन्यात, तिची रिक्षा यायची होती.

"ते मना काय म्हायती," ती म्हणाली. "पन शुक्करवारी संध्याकालीच इथं यायची साडी काढायला लावते. बोट दाखवून. न ती उशाशी घेऊन झोपते."